थोरल्या भावाला कोरा चहा

सरूबाईच्या चहात पाण्याचा थेंब नसतो, हे हर्सूलच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हशी कधीच विकल्या होत्या, गोठ्याच्या जागी भाड्याच्या दोन खोल्या उभ्या होत्या आणि दूध पिशवीतून यायला लागलं होतं. तरी पाहुणा ओट्यावर टेकला की पातेल्यात आधी दूध पडायचं, मग साखर, मग पत्ती. चहावर साय धरली नाही तर सरूबाईला तो परत उकळावासा वाटे.

अशा बाईच्या घरात दूध बंद झालं.

कारण होतं समर्थ, तिच्या लेकाचा, बद्रीनाथचा, दोन वर्षांचा मुलगा. वरचं दूध सुरू झाल्यापासून त्याच्या अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, छाती घरघरायची. सरूबाईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, गळ्यात काळा दोरा बांधला. शेवटी सूनबाई चंद्रकलानं त्याला शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, दूध या मुलाच्या अंगाला चालत नाही. दूध, दही, ताक, तूप, खवा, काही नको. दुधाचा चमचासुद्धा त्याच्या वाटीत जाता कामा नये.

"दुधानं कधी कुणाला काय झालंय का?" सरूबाई म्हणाली. "दुधानं तर माणूस वाढतं."

"आपलं वाढत नाय ना, आत्याबाई," चंद्रकला म्हणाली.

सरूबाईनं ऐकलं, पण अर्धं. पोराला दूध देणं बंद केलं आणि पाहुण्यांसाठी एक पिशवी मात्र माठामागं गारव्याला ठेवत राहिली. एके दिवशी मनकर्णाबाई शेजारून येऊन चहा पिऊन गेली. त्याच गाळणीनं सरूबाईनं समर्थच्या वरणाचं पाणी गाळलं. अर्ध्या तासात पोराचे ओठ जांभळाएवढे झाले. बद्रीनाथनं टेम्पो काढला म्हणून दवाखाना वेळेत गाठता आला.

त्या संध्याकाळी चंद्रकला भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त समर्थचे कपडे घडी घालून एका निळ्या पिशवीत भरले आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

"मला एक तारखेपासून कामावर जायचंय," ती म्हणाली. शेंद्र्याच्या कारखान्यात ती सुटे भाग तपासायच्या कामाला लागणार होती. "तुमच्या भरवशावर जाणार होते. आता एकदाच बघते. परत असं झालं तर समर्थ पैठणला माझ्या आईकडं राहील. पिशवी भरून ठेवली आहे."

 सकाळी सरूबाईनं दुधाचं पातेलं, ताकाचा डेरा, गाळणी आणि रवी उचलून मनकर्णाबाईकडं नेऊन दिली. रवी सासूच्या हातची होती. ती देताना तिचा हात जरा रेंगाळला, एवढंच.

मग तिनं नव्यानं स्वयंपाक मांडला. धपाट्याचं पीठ दह्याऐवजी चिंचेच्या कोळात भिजवलं. भाकरीवर लोण्याच्या जागी करडईचं तेल आणि तिळाची चटणी आली. पुरणपोळीला पाण्यातली गुळवणी होतीच. समर्थ शेंगदाण्याच्या कुटाची पातळ आमटी ओरपून प्यायचा आणि वाटी पुढं करायचा. हे सगळं जमलं. जमत नव्हता तो चहा.

त्याला कारण होतं. दुधाविना चहा सरूबाईनं आजवर एकाच ठिकाणी केला होता, मयतीच्या घरी. माणूस गेलेल्या घरात दूध घालत नाहीत, तूप वाढत नाहीत. आलेल्याच्या पुढं कोरा चहा ठेवायचा, त्यानं दोन घोट घ्यायचे, काही न विचारता बसायचं आणि उठायचं. नांदत्या घरात, खेळत्या पोराच्या घरात तसला चहा उकळायचा म्हणजे तिला अभद्र वाटे.

पहिल्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, कपात बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

"तोंड आवरा."

"नाय, सांगून ठेव. टोपी काढून प्यावा लागंल."

"गवती चहा टाकलाय, गूळ घातलाय. प्या गपचूप."

पुंजाराम तो प्यायला आणि आठवडाभरात दुसरा कप मागू लागला. पण घरचं माणूस वेगळं आणि पाहुणा वेगळा. पाहुणाच येऊ नये, असं सरूबाईला आयुष्यात पहिल्यांदा वाटू लागलं.

आणि चंद्रकला कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात, गुरुवारी, सरूबाईचा थोरला भाऊ आला.

फकिरा सिल्लोडकडचा. शहरातल्या छावणीच्या गुरुवारच्या बाजारात जनावरं बघायला आला की परतीच्या वाटेवर हर्सूलला उतरायचा. येताना घरच्या तुपाची बरणी आणायचा आणि सरूच्या हातचा चहा पिऊन जायचा. हे वर्षानुवर्षं चाललेलं होतं. फोन तेव्हा त्याच्या गावात एकच, तोही पतसंस्थेत. त्यामुळं आधी निरोप येण्याचा प्रश्नच नव्हता.

घरात तेव्हा सामसूम होती. बद्रीनाथ टेम्पोवर, पुंजाराम शेताकडं, समर्थ आतल्या खोलीत झोपलेला. फकिरानं बरणी पुढं केली.

"ही घे. पोराच्या पोळीवर घाल."

सरूबाईनं हात मागं घेतले. "दादा, ते आत नको आणू. बाहेरच राहू दे."

फकिरानं तिच्याकडं नीट बघितलं, बरणी परत पिशवीत ठेवली आणि तो ओट्यावर बसला. सरूबाई आत गेली. माहेरचं तूप आपण दारातून परत केलं, हे तिच्या मनाला लागलं होतं. त्यात आता चहा. मनकर्णाबाईकडून वाटीभर दूध आणावं, दादापुरतं, कुणाला कळणारही नाही, असं एकदा मनात येऊन गेलं. तिची नजर खुंटीवरच्या निळ्या पिशवीकडं गेली. तिनं पातेल्यात पाणी ओतलं.

कोरा चहा भावाच्या हातात देताना तिचे डोळे भरून आले. सगळं सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं. "दादा, घरात दूध बंद झालं बघ. आमच्या समर्थला..." आणि तिला रडू फुटलं.

"राहू दे," फकिरा हळू आवाजात म्हणाला. "कळलं मला. बोलू नको."

त्यानं दोन घोट घेतले. कप खाली ठेवला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि मागं न बघता रस्त्याला लागला. "येतो" असंही म्हणाला नाही.

सरूबाई बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. कप तसाच भरलेला होता.

"रागावला," रात्री जेवताना तिनं पुंजारामला सांगितलं. "दोन घोटात उठला. येतो म्हणला नाय."

"सांगायचं ना सगळं."

"बोलूच दिलं नाय त्यानं. कळलं म्हणला."

"कळलंय तर रागावतो कशाला? उतरंल राग."

चंद्रकला समर्थला भरवत होती. तिनं मान वर करून सासूकडं बघितलं आणि परत खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हं कलली असताना गल्लीच्या तोंडाशी एक काळीपिवळी जीप थांबली. सरूबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. जीपमधून माहेरची माणसं एकेक करून उतरली. पुरुषांच्या डोक्यावर टॉवेल, बायकांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरीच्या चवडी. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून नेतात तशा. सगळ्यांत पुढं वहिनी, दगडाबाई. ती सरूबाईच्या गळ्यात पडली आणि तिनं हेल काढला.

आपल्या माहेरात कुणीतरी गेलं, एवढंच सरूबाईला समजलं. तिनंही हेल काढला. अशा वेळी आधी रडायचं असतं, विचारायचं मागून. दोघी एकमेकींना धरून रडल्या. मनकर्णाबाई धावत आली, काही न कळता तिनंही पदर डोळ्यांना लावला. पुरुष ओट्याखाली रांगेनं उकिडवे बसले.

बऱ्याच वेळानं सरूबाईनं नाक पुसलं. "कोण गं, वहिनी? कसं झालं?"

दगडाबाईचा हेल थांबला. "कोण म्हंजे?"

"कोण गेलं?"

दगडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. फकिरानं खाली बघितलं. तेवढ्यात रडारडीनं जागा झालेला समर्थ उघड्या अंगानं, आजोबाची एक चप्पल पायात अडकवून, उंबऱ्यात येऊन उभा राहिला. एवढी माणसं बघून त्यानं ओठ काढला.



"अहो," दगडाबाई नवऱ्याला म्हणाली, "हे काय?"

"कोरा चहा दिला तिनं मला," फकिरा म्हणाला.  "तूप घरात घेतलं नाय. पोराचं नाव घेतलं आन् रडली."

"मग विचारायचं तरी!"

"मयतीच्या घरी विचारत असत्यात व्हय?"

मयतीच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, हे सरूबाईला आता आठवलं. भाऊ रागावून गेला नव्हता. हसावं की रडावं हे न कळून ती दोन्ही करू लागली. मग एकदम कालवा उठला. जो तो फकिराला बोलू लागला. "दोन गावांत सांगत फिरलात की हो!" "जीपचं भाडं आता तुम्हीच द्या!" फकिरा कुणाचं ऐकत नव्हता. त्यानं समर्थला उचलून छातीशी घट्ट धरलं. दाढीचे खुंट टोचले म्हणून पोरगं रडलं, तेव्हा तो मोठ्यानं हसला.

"आण गं ती बरणी," त्यानं दगडाबाईला सांगितलं. "पोराचं तोंड गोड करू. मरणातून परत आलंय."

कालची बरणी फकिराच्या पिशवीत तशीच राहिली होती आणि पिशवी जीपमध्ये होती. फकिरानं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि तुपानं माखलेलं बोट समर्थच्या तोंडाकडं नेलं.

सरूबाईनं त्याचं मनगट धरलं.

सगळे बघत होते. थोरल्या भावाचा हात तिनं आजवर फक्त राखी बांधायला धरला होता. "नाय दादा," ती म्हणाली. "हे बोट लागलं तर तू आज ज्याच्यासाठी आलास ते खरं होईल."

मग तिनं त्याला पुरतं सांगितलं. गाळणी, सुजलेले ओठ, दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं, सर्वांसमोर, स्वतःची चूक न झाकता. फकिरा बोट हवेत धरून ऐकत होता. सांगून झाल्यावर तिनं पोराला त्याच्याकडून घेतलं आणि मनकर्णाबाईनं आणलेल्या साबणानं फकिराला कोपरापर्यंत हात धुवायला लावले.

तो हात धूत असतानाच सरूबाईची नजर गल्लीच्या तोंडाकडं गेली. शेंद्र्याची बस येऊन गेली होती. चंद्रकला वळणावर उभी होती. तिच्यासमोर काय होतं ते सरूबाईला लख्ख दिसलं. दारापुढं गर्दी, डोक्यावर टॉवेल घेतलेले पुरुष, भाकरीची चवड. चंद्रकलाच्या हातातला डबा खाली पडला आणि ती धावत सुटली.

 सरूबाई ओट्याच्या काठावर चढली आणि दोन्ही हातांनी समर्थला डोक्याच्या वर उचलून धरलं. पोरगं उंच गेल्यावर खिदळलं. ते खिदळणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असावं, कारण चंद्रकला धावता धावता थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि मग चालत आली.

तिनं पोराला घेतलं. आधी ओठ बघितले, मग मान, मग पोट.

"कुणी काय दिलं त्याला?"

"मी देणार होतो," फकिरानं ओले हात पुढं केले. "तूप. तुझ्या सासूनं मनगट धरलं माझं. अजून दुखतंय."

चंद्रकलानं सासूकडं बघितलं. सरूबाई पदरानं घाम पुसत होती.

"बसा सगळे," सरूबाई म्हणाली. "भाकरी आणल्याच आहेत, तर पिठलं टाकते. आन् चहा कोराच मिळंल, आधीच सांगते. रडायचं नाय."

माणसं उजेड होता तोवर जेवून निघाली. फकिरानं या वेळी कप पुरता रिकामा केला. "गूळ जरा कमी घाल," म्हणाला, आणि जीपमध्ये बसताना तीनदा "येतो, येतो, येतो" असं मोठ्यानं म्हणाला. त्यावर सगळी जीप हसली. तुपाची बरणी तो परत घेऊन गेला.

सकाळी चंद्रकला नेहमीसारखी डबा घेऊन निघाली. दारापाशी थांबून तिनं खुंटीवरची निळी पिशवी काढली, आतले कपडे कपाटात नेऊन ठेवले आणि रिकामी पिशवी सासूच्या हातात दिली.

"बाजारातून शेंगदाणे आणा, आत्याबाई," ती म्हणाली. "कूट संपत आलंय."