सिनेटची हजेरी

नजर हटवली तर तिकडे वॉशिंग्टनमध्ये काहीतरी बिनसेल, अशा थाटात देवयानी इंग्लंडात, रीडिंगच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसली होती. मांडीवरच्या सान्वीला दात येत होते, त्यामुळे ती आईचं बोट चावत होती.

देवयानीची थोरली बहीण अनुया ओहायोत वकील. फेडरल न्यायाधीश म्हणून तिचं नाव सुचवलं गेल्याला अकरा महिने झाले होते. विरोधकांनी ते चर्चेच्या नावाखाली सिनेटमध्ये अडवून धरलं होतं. ती चर्चा थांबवायची का, यावर आज मतदान होतं. थांबली तर आजच अंतिम मतदान. नाहीतर उद्या अधिवेशन संपणार आणि नाव परत. अनुयानं नवीन केसेस घेणं कधीच बंद केलं होतं. तिला हे बघवणार नव्हतं. तू बघ आणि मला कळव, असं देवयानीला बजावून ती एका तळ्याकाठी गाडीत जाऊन बसली होती.

साडेचारला क्लार्कबाईंनी एक नाव पुकारलं. उत्तर नाही. बऱ्याच वेळानं दुसरं. तेही तसंच. खुर्च्या रिकाम्या. पाचवं नावही तसंच गेलं. दहा मिनिटं कशीबशी काढून तिनं फोन लावला.

"ताई, मतदान सुरू झालंय आणि कुणीच आलं नाहीये गं."

फोन स्पीकरवर होता. सान्वीसाठी सहा महिने राहायला आलेली आई नाचणीची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि चष्मा सावरून स्क्रीनवर वाकली. नाशिकच्या शाळेत तिची बत्तीस वर्षं गेली होती.

"हे मतदान नाही," ती म्हणाली. "ही हजेरी चाललीय. उत्तर आलं नाही तरी ती बाई कागदावर काही मांडत नाहीये, बघ. मोठ्या बाई यायच्या असल्या की आम्हीपण अशीच नावं लांबवायचो. वेळ काढतायत."

फोनमध्ये अनुया हसायला लागली. हसता हसता तिनं नाकही ओढलं.

"कोरम कॉल. नुसती गणसंख्येची हजेरी. देवी, माझा जीव गेला होता. आई, तुला कुणी सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? भरव गं हिला, खीर गार होतेय."

देवयानी इतकी ओशाळली की चमचा सान्वीच्या कानाशी गेला. खरं मतदान वीस मिनिटांनी सुरू झालं. माणसं येत होती, अंगठा वर किंवा खाली करत होती आणि गप्पा मारत निघून जात होती. तिनं एकेक आकडा फोनवर सांगितला. शेवटी एक्कावन्न विरुद्ध शेहेचाळीस. चर्चा बंद.

"म्हणजे झाली ना जज?" आईनं विचारलं.

अजून दोन तास, मग शेवटचं मत, पण आता हो म्हणालेले तेवढ्यात फिरत नाहीत, असं अनुयानं समजावलं. आईला ते पटलं. पण इतक्या वेळात तिथं कुणी चर्चा करताना काही तिला दिसलं नव्हतं, आणि तसं ती म्हणालीही.

अनुया सकाळपासून उपाशी होती. आता कुठेतरी जाऊन आधी खाते, म्हणाली. देवयानीनं लॅपटॉप मिटला आणि लेकीच्या गालावरची नाचणी पुसली. बऱ्याच दिवसांनी तिनं पाठ सोफ्याला टेकली.