दुसरा उकार

मोठ्या बाईंनी अडतीस वर्षे प्राथमिक शाळा चालवली आणि निवृत्त झाल्यावर घर चालवायला घेतले. दोहोंत फरक एवढाच की घरात मधली सुट्टी नव्हती. शाळेतले ते नाव अंगाला इतके चिकटले होते की दूधवालासुद्धा दारातून "मोठ्या बाई, दूध" अशीच हाक मारी. आपल्या हाताखालून गेलेले एकही मूल वाचायला शिकल्यावाचून राहिले नाही, हे त्या आल्यागेल्याला सांगत. ऐकणाऱ्यांत त्यांची नात ठकीही असे. दुसरी संपत आली तरी तिला वाचता येत नव्हते.

वर्गशिक्षिकेने चिठ्ठी पाठवली: मुलीला शिकण्यात काही अडचण आहे का, याची तपासणी करून घ्यावी. मोठ्या बाईंना तो आपल्यालाच आलेला मेमो वाटला.

"तपासणी कसली? माझ्यापुढे बसवा तिला. दोन महिन्यांत वर्तमानपत्र वाचेल."

दोन महिन्यांनी त्यांनी चार नातेवाईक बोलावले आणि ठकीला पुस्तक घेऊन उभे केले. ठकीने धडा घडाघडा वाचला. मोठ्या बाई चष्मा पुसत सगळ्यांकडे पाहू लागल्या. तेवढ्यात सुनेने हळूच पुढे होऊन पुस्तकाची दोन पाने उलटली. ठकी न अडखळता तोच धडा पुढे वाचत राहिली.

कोणी हसले नाही, हे अधिक वाईट झाले. ठकी हे टोपणनाव मोठ्या बाईंनीच लाडाने ठेवले होते. ते आपल्यावरच इतके सार्थ होईल, याची त्यांना कल्पना नव्हती.

"आई, तपासणी केंद्रात वेळ घेतली आहे," सून म्हणाली. "तपासणीचा अहवाल दिला नाही, तर शाळा तिला परत दुसरीतच बसवणार."

"घ्या करून. पण फॉर्म मी भरेन. तुझं अक्षर पाहून त्यांना वाटेल, तपासणी तुझीच आहे."

फॉर्म त्यांनी भरला, पण आधी तपासला. 'विद्यार्थीनी'तल्या 'थ'ची दुसरी वेलांटी खोडून पहिली केली, 'माहीती' सुधारली आणि समासात लाल शाईने 'लक्ष द्यावे' असा शेरा मारला. नवव्या प्रश्नात विचारले होते, कुटुंबात आणखी कोणाला वाचनात अडचण होती का? त्यांनी 'नाही' लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

केंद्रातल्या खोलीत सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या होत्या. आपल्याला उभे राहणे शोभणार नाही, म्हणून मोठ्या बाई एकीत बसल्या. गुडघे हनुवटीशी आले. तपासणीच्या ताई वयाने त्यांच्या शेवटच्या तुकडीतल्या असाव्यात. लाल खुणांवरून त्यांनी नजर पुढे नेली. नवव्या प्रश्नावर मात्र थांबल्या.

"याच्या उत्तरावरून मी पुढच्या चाचण्या ठरवते. नक्की कोणी नाही?"

"आमच्या घरात?" मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांचा मुलगा बायकोशेजारी खाली पाहत बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करी. बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा म्हणून त्याला लांबून बोलावणी येत. कामाचा अहवाल मात्र, हात काळे आहेत असे सांगून, तो सहकाऱ्याकडून लिहून घेई.

"बाबा छान वाचतात," ठकी ताईंना म्हणाली. "जेवण झालं की रोज तेच पुस्तक वाचतात, पण गोष्ट दर वेळी वेगळी असते. आजी वाचते तेव्हा एकच येते."

सुनेने नवऱ्याकडे पाहिले.

"हात काळे असतात म्हणून अहवाल लिहीत नाही, असं म्हणालास ना?"

"असतात की," तो म्हणाला. "पण धुता येतात."

मोठ्या बाईंना स्वतःचाच वर्ग आठवला. मुलाला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याला शेवटच्या बाकावर बसवले होते. वाचनाच्या तासाला त्याचे डोके दुखे. प्रगतिपुस्तकावर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिले होते: 'आळशी'. मग वाचायला न शिकलेले एकही मूल नाही, ही घोषणा इतकी वर्षे केली, ती त्याचे जेवण वाढता वाढता.

"फॉर्म द्या इकडे," त्या म्हणाल्या.

"आई, राहू दे," मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस. नाही, बोल. म्हणजे, मी लिहिते तोवर गप्प बस."

त्यांनी 'नाही' लाल शाईने खोडले आणि लिहिले: 'आहे. मुलाला. इयत्ता दुसरीपासून. त्याला आळशी ठरवणे ही वर्गशिक्षिकेची, म्हणजे माझी, चुक.' खाली हुद्द्यासह सही ठोकली.

सून मान वाकवून वाचत होती. सोळा वर्षे तिच्या सामानाच्या याद्या लाल होऊन परत आल्या होत्या.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "च ला दुसरा उकार."

मोठ्या बाईंनी पाहिले. 'चुकीचा' ऱ्हस्व, 'चूक' दीर्घ. हे त्यांनी अडतीस वर्षे मुलांकडून घोकून घेतले होते. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. शब्द तसाच राहिला.

"कर तूच," असे म्हणून त्यांनी लाल पेन सुनेच्या हातात दिले.

ताई ठकीला घेऊन आतल्या खोलीकडे निघाल्या. मोठ्या बाईंनाही दारापर्यंत जायचे होते; पण त्या उठल्या तेव्हा खुर्चीही कुरकुरत त्यांच्याबरोबर उठली.

मुलाने मागून खुर्ची धरली, थोडी डावीकडे वळवली आणि एका झटक्यात सोडवली.

"वाचून नाही, आवाजावरून कळलं," तो म्हणाला.

"आगाऊ," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्याच्या खांद्याला धरून आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.