भिंतीवरचा पिवळा शर्ट

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर प्लेनोला चला. टेक्सासमधलं गाव, १९८४ सालचा ऑगस्ट, भर दुपार. ऊन एवढं की लोक खिडक्यांना आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवतात. म्हणून श्रीरामकाकांची बेडरूम काळोखी आहे याचं कुणालाच नवल नाही. आत मराठी मंडळी दाटीवाटीने बसली आहेत, निम्मी इंजिनियर. आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर एक माणूस चालतो आहे. डोकं खाली, पाय वर!

आता डोळे उघडा. दहा वर्षांच्या दीपाने तर ते मिटलेच नव्हते.

माणसाचा चेहरा पुसट होता, पण त्याच्या अंगातला पिवळा चौकटीचा शर्ट तिने लगेच ओळखला. बाबांचा. बाबा मार्चमध्ये वारले होते.

"बघ, सुमित्राताई!" दिगंबर महाराज गरजले. "नवरा अधांतरी लटकलाय तुझा! अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळालं, पण स्वर्गाचा व्हिसा अडला. कुणामुळे? या मुलीच्या पत्रिकेमुळे! ही घरातून गेल्याशिवाय त्याला गती नाही."

म्हणूनच दीपाला परवाच्या विमानाने सांगलीला काकांकडे धाडायचं ठरलं होतं. कायमचं. आई भिंतीला हात जोडून रडत होती. शर्टही तिनेच आणून दिला होता. मृताचं वस्त्र मंतरावं लागतं म्हणे.

दीपाला मात्र फॉइलमधल्या बारीक भोकातून आत येणारी उजेडाची तिरीप दिसली आणि शाळेतले मिस्टर हद्दाद आठवले. ते मूळचे बगदादचे, विज्ञान शिकवायचे. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथमची गोष्ट त्यांनीच सांगितली होती. त्याने ओळीने दिवे मांडले, समोर एक भोक, पलीकडे अंधार. अंधारात प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की तेवढाच ठिपका जाई. प्रकाश सरळ जातो. भोकातून जाताना वरचा खाली उतरतो, खालचा वर चढतो.

दीपाने उठून भोकावर तळहात ठेवला. भिंत कोरी झाली.

"पाहिलंत? कुलक्षणी हात लागला आणि बाप पळाला!" महाराज ओरडले.

"हात काढ गं, दीपा!" आई किंचाळली.

"आई, इट्स जस्ट लाइट! मिस्टर हद्दाद म्हणाले, इब्न अल-हैथमने..."

"वा!" श्रीरामकाका फिस्कारले. हे काका दिवसभर कंपनीत लेसरवर काम करायचे. "आता आपल्या पितरांचं मुसलमानाला विचारायचं?"

लोक हसले. दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला सुचलं, दिवा झाकून भागणार नाही. आणखी एक लावायला हवा. ती धावत बाहेर गेली.

लॉनवर महाराजांचा शिष्य विक्रम बाबांच्या शर्टात घामाघूम होऊन येरझाऱ्या घालत होता. दीपा त्याच्या शेजारी उन्हात उभी राहिली आणि खिडकीकडे बघून दोन्ही हात हलवू लागली.

आतून आईची किंकाळी ऐकू आली. नवऱ्याशेजारी तिची जिवंत मुलगी उलटी लटकून हात हलवत होती!

मुलांनो, भिंतीवर दिसलं ते खरंच होतं. खोटा होता तो महाराजांनी सांगितलेला अर्थ. तेव्हा दिसलं म्हणून हात जोडू नका. उजेड कुठून येतोय, ते उठून बघा.

सगळे बाहेर आले. महाराज तेवढे मागच्या दाराने गेले. "तरी पण काहीतरी शक्ती असणारच, यार," श्रीरामकाका कुणालातरी सांगत होते.

"तिकीट कॅन्सल करते," आई म्हणाली. मग शर्टाकडे बघत हळूच म्हणाली, "पण तेवढेच दिसायचे गं मला."

दीपाने विक्रमला शर्ट काढायला लावला, तो आईच्या हातात दिला आणि आत जाऊन खिडकीचा फॉइल टराटरा फाडला. लख्ख उजेड पडला. दारात उभे असलेले इंजिनियर एकमेकांची नजर चुकवू लागले. दीपा दुसऱ्या खिडकीकडे वळली.