तौनोआजोबांचा चरबीचा डबा

"तौनोआजोबा, तुम्ही तुमच्या पाखरांना मेलेल्या माणसांची नावं ठेवलीत, हे खरं का?"

विचारलं एकदाचं! शाळेच्या बसमध्ये एस्सीनं पैजच लावली होती. "वर्गात एवढं भाषण ठोकलंस ना? मग एका म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारून दाखव, घाबरट!" आता मला घाबरट म्हटलेलं चालत नाही. जानेवारीपर्यंत चाललं असतं. तेव्हा बाईंनी नाव पुकारलं की माझ्या तोंडून नुसतं "हं" निघायचं.

आमच्या शेजारचे तौनोआजोबा त्यांच्या पायरीवर उन्हात बसले होते. मार्चमधली दुपार, छपराच्या कडेनं बर्फाचे सुळके ठिबकत होते आणि आजोबा काठीनं एकेक सुळका पाडत होते. एस्सी माझ्यामागे टोपी नाकापर्यंत ओढून हसू दाबत उभी.

"कुणी सांगितलं?"

"शाळेत सगळेच म्हणतात."

"म्हणजे शाळेत काहीतरी खरंही शिकवतात." त्यांनी आणखी एक सुळका पाडला. "लांब शेपटीची ती हिल्या, माझी बायको. जन्मभर मला म्हणाली, चरबी खाऊ नका. आणि आता माझ्याच हातावर बसून खाते. दुसरा वेइक्को, माझा भाऊ. तिसरा पोस्टमास्तर."

"ते कधी वारले?"

"पोस्टमास्तर? तो कुठे मरतोय! नदीपलीकडे आहे ठणठणीत. पण खायला बसला की हुबेहूब हाच. म्हणून ठेवलं नाव."

एस्सीला हसू फुटलंच. मीही हसले, पोट धरून. आणि मग ते म्हणाले, "म्हणजे ठेवलं होतं. आता कुठले! इस्पितळातून आल्यापासून तिघांपैकी एकही फिरकलेला नाही. तीन आठवडे झाले."

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते आवरायचं कसं, तेच कळेना.

"तुझा काही दोष नाही हं, पोरी," ते म्हणाले. "तू रोज येऊन गेलीस. मी डबा पाहिला ना, अगदी तळापर्यंत रिकामा. पण त्यांना माझ्या हाताची सवय. दुसऱ्याचं घेतलं नसणार. त्यात उणे तीसची थंडी. मी चार दिवस नव्हतो आणि माझ्यापायी गेली बिचारी."

मग ते आत जाऊन दुर्बीण घेऊन आले आणि ती त्यांनी माझ्या गळ्यात घातली. "तुला राहू दे. शनिवारी मुलगी येतेय. शहरात वृद्धाश्रमात एक खोली मिळालीय. दोन वर्षं नाही म्हणत होतो, पाखरांचं कोण करणार म्हणून. आता कशाला नाही म्हणायचं? सही करून टाकतो."

त्यावर मी काय म्हणाले? "थँक्यू" म्हणाले. खरंच. तेवढंच.

कारण त्यांचे तिन्ही कूक्केली जिवंत होते. नुसते जिवंत नाहीत, गुबगुबीत झाले होते. आमच्या परसात.

कूक्केली हा जंगलातला पक्षी. राखाडी, शेपटी गंजलेल्या लोखंडासारखी तांबूस, आणि माणसाला इतका न भिणारा की हातावर येऊन बसतो. येतो मात्र मोजक्याच घरी. आमच्याकडे चिमणीएवढ्या वल्गुल्या यायच्या, लाल पोटाची पाखरं यायची, एक खार यायची, पण कूक्केली नाही. ते तौनोआजोबांचे, हे सगळ्या गावाला ठाऊक. आणि मला शाळेत "आमच्या परसातले प्राणी" या विषयावर बोलायचं होतं. खारीवर कोण टाळ्या वाजवणार?

तेवढ्यात आजोबांना छातीत दुखायला लागलं आणि त्यांना इस्पितळात नेलं. आई म्हणाली, "पिह्ला, त्यांच्या पडवीत चरबीचा डबा आहे. रोज सकाळी त्यांच्या अंगणातल्या पाखरांच्या खांबावर चार तुकडे ठेवून ये." मी "हो" म्हटलं. पहिल्या दिवशी ठेवलेही. दुसऱ्या दिवशी डबाच उचलून घरी आणला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता लिहितानाही हात अडतोय. त्यांनी रेनडिअरची चरबी नखाएवढे चौकोन करून कापून ठेवली होती, एकसारखी. ती मी आमच्या कुंपणावर मांडली, आणि त्यांच्या खांबावर मुद्दाम काही ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी कूक्केली आमच्याकडे आले. चौथ्या दिवशी मी रिकामा डबा गुपचूप पडवीत नेऊन ठेवला.

खरं तर एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हातावर बसलेल्या हिल्याचा व्हिडिओ वर्गात दाखवला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उभी राहिली! बाई म्हणाल्या, "पिह्ला, तू इतकं छान बोलतेस, कुठे लपली होतीस?" मग मी रोज उजाडायच्या आत सॉसेज ठेवायला लागले, आजोबा उठायच्या आत, म्हणजे पाखरं तिकडे जाणारच नाहीत. आजोबांना लांबचं नीट दिसत नाही, आणि आमच्या दोन्ही घरांच्या मध्ये स्प्रूसच्या झाडांची दाट रांग आहे. हाही विचार मी तेव्हा केला होता. अगदी नीट केला होता.

परतताना आम्ही शेतातून आलो. मार्चमध्ये बर्फावर कडक कवच धरतं, तेव्हा कुंपणावरूनसुद्धा सरळ चालत जाता येतं, कुठेही. वर्षभरात मला सगळ्यात आवडणारे दिवस ते हेच. एरवी एस्सी आणि मी घसरत, ओरडत आलो असतो. आज नुसते बुटांचे आवाज.

"पिह्ला, तुझ्या व्हिडिओतले तेच ना?"

"नाही गं. ते दुसरे."

एस्सीनं माझ्याकडे पाहिलं. "लांब शेपटीची एक होती त्यात."

"सगळ्यांचीच लांब असते."

"बरं," ती म्हणाली, आणि फाट्यावर नेहमीसारखी न थांबता घरी गेली. मान वर करून चालायला मी किती महिने शिकत होते, पण त्या दिवशी बुटांच्या टोकांवरून नजर उचलवेना.

घरी आई-बाबा सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ टेकून बसले होते. खाली रेनडिअरचं कातडं, हातात कॉफी, तोंडं उन्हाकडे. तिथे वारा लागत नाही, लाकडं तापतात आणि डांबराचा वास येतो. आईच्या तळव्यावर एक कूक्केली बसला होता. तो अधाशासारखा तुकडे चोचीत कोंबत होता, तीन, चार, पाच, आणि आई खुदुखुदु हसत होती. तो नक्की पोस्टमास्तर.

"बघ गं, हा मेला किती कोंबतो!" आई म्हणाली. "तौनोकडून जेवून इकडे परत जेवायला येतो."

"तिकडे जात नाही तो," मी म्हटलं.

"असं कसं? दोन्हीकडे जात असणार."

"आई, जात नाही. मी जाऊच देत नाही."

मग मी सगळं सांगितलं. डबा, पहाटेचे सॉसेज, रिकामा खांब. मला वाटलं होतं, धडाधड बोलून मोकळी होईन, वर्गात बोलते तशी. पण वाक्यं मध्येच तुटत होती आणि नाक वाहत होतं. आईनं हात खाली घेतला, पक्षी उडाला.

"मी तुला पाठवलं होतं," आई एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "आम्ही तौनोला फोन करतो," ते म्हणाले. "म्हणजे तुला तिथे जायला नको. सांगू, पाखरं सापडली."

सापडली! किती सोपं होतं ते. मी "हो" म्हटलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. वर आजोबांनी पुन्हा माझेच आभार मानले असते.

"नको बाबा," मी म्हटलं. "फोन नको. मी आत्ता जातेय, सही करू नका म्हणून सांगायला. आणि पाखरं सापडली नाहीत, मी चोरली होती, असंच सांगणार आहे. थंडी सरेपर्यंत त्यांचं खाणं एकदम बंद करता येत नाही, म्हणून उद्यापासून मी ते रोज शंभर पावलं तिकडे सरकवणार. शनिवारी ते त्यांच्या खांबावर असेल. आपल्या कुंपणावर यापुढे कूक्केलींसाठी काही ठेवायचं नाही, आई, तूसुद्धा नाही. आणि सोमवारी मी वर्गात उभी राहून सांगणार आहे की ते आपल्या परसातले नव्हतेच."