सहा जणांचा एकच भाव

सहाव्या कंत्राटदाराने "चोवीस लाख" म्हटलं आणि तिने त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली. चहा अजून अर्धा होता.

"उठा," ती म्हणाली.

"ताई, चहा तरी..."

"चहा मी माणसांना देते. दरोडेखोरांना नाही. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर बांधायला चोवीस लाख? राजवाडा मागितला होता का मी? का बाई एकटी दिसली म्हणून जिभेला हाड राहिलं नाही?"

मिशीवाला, पन्नाशीचा माणूस. मान खाली घालून दारात चपला शोधत राहिला. उलट एक शब्द नाही. तिला त्याचाच जास्त राग आला. चोर पकडला तर निदान खोटं तरी बोलतो. हा नुसता एकदा तिच्या बाबांकडे बघून जिना उतरला, आणि बाबा खिडकीतून बाहेर बघत बसले.

"तुम्ही तरी बोला ना काहीतरी! चाळीस वर्षं गवंडीकाम केलंत. तुमच्या धंद्यातले हे लोक, तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या मुलीला लुटतात, आणि तुम्ही आपले खिडकीचे गज मोजताय."

"महागाई आहे गं," बाबा म्हणाले.

महागाई! बसस्थानकाच्या तिकीट खिडकीमागे एकोणीस वर्षं काढली होती तिने. कोण खरंच सुटे नाहीत म्हणून नोट देतो आणि कोण फाटकी नोट खपवायला देतो, हे तिला हातावरून कळायचं. महागाई तिला कोणी शिकवायला नको होती. तिने नोकरीतल्या चार जणांना विचारलं होतं, नवीन घरं उठत होती तिथे जाऊन विचारलं होतं. तिच्या नकाशाएवढं घर अकरा-बारा लाखांत होत होतं. तिची जमवलेली पुंजी आणि नोकरीवरचं कर्ज मिळून बरोबर बारा होत होते. जमीन स्वतःची होती, तीस बाय चाळीसची, बाबांनी तिच्या नावावर घेतलेली. राहत्या खोल्या वर्षअखेर रिकाम्या करा, असं घरमालकाने लेखी दिलं होतं. तिसरा मजला, बाबांचे गुडघे कामातून गेलेले. म्हणजे घर हौस म्हणून बांधायचं नव्हतं. बांधलं नाही तर दोघांनी जायचं कुठे, एवढाच प्रश्न होता.

आणि हे सहा जण! कोणी साडेतेवीस, कोणी चोवीस, कोणी चोवीसच्या वर थोडे. जणू सहाही एका आईच्या पोटचे. "संगनमत आहे," ती रोज जेवताना म्हणायची. "यांनी आपापसात ठरवून घेतलंय." बाबा भात चिवडत बसायचे.

बाबांना त्यांच्या धंद्यात सगळे 'ओळंबा' म्हणत. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का बघायला दोरीला टांगतात ते वजन. बाबांनी बांधलेल्या भिंतीला तो लावायची गरज नाही, असं लोक म्हणायचे. त्या नावाचा तिला गर्व होता. कोणताही कंत्राटदार जमीन बघायला यायचा असला की बाबा काठी टेकत आधीच तिथल्या वळणावर जाऊन उभे राहत. "रस्ता सापडत नाही लोकांना," म्हणायचे. एवढा गुडघ्यांचा त्रास असून बाप माझ्यासाठी उन्हात उभा राहतो, म्हणून तिचा जीव गलबलायचा.

सातवी भेटली ती तिकीट खिडकीवरच. जाडजूड बाई, कमरेला मोजायची टेप अडकवलेली, नखांत सिमेंट. मजूर नवराबायकोसाठी दोन तिकिटं मागत होती.

"काय काम करता?"

"घरं बांधते."

"तुम्ही?"

"मग काय? पाडणारे बरेच आहेत की."

रांग खोळंबली, मागून शिव्या आल्या, पण तिने खिडकीखालून नकाशा सरकवलाच. टेपवालीने तो उभ्या उभ्या वाचला, ओठ हलवत हिशेब केला. "बारा. जास्तीत जास्त साडेबारा. पण जमीन बघितल्याशिवाय पक्का शब्द देत नाही मी."

बारा! तिला खिडकीची काच फोडून त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. घरी येऊन ती बाबांना एवढंच म्हणाली, "रविवारी सातवा कंत्राटदार येतोय. नदीपलीकडचा आहे. हा शेवटचा." बाई आहे हे मुद्दाम सांगितलं नाही. जुन्या वळणाचे बाबा, उगाच नाक मुरडतील.

रविवारी सकाळी बाबा नेहमीसारखे वळणावर उभे राहिले. टेपवाली स्कूटरवरून त्यांच्या समोरून गेली, मागून तिचे मजूर नवराबायको सायकलवरून गेले. बाबांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. ते कंत्राटदाराची वाट बघत होते.

जमिनीवर पोचल्या पोचल्या टेपवालीने पदर खोचला. "आधी एक खड्डा घेऊ. ज्याच्यावर उभं राहायचं ते आतून कसं आहे ते तरी बघू."

"आधीच्या सहा जणांनी असलं काही केलं नाही," ती कौतुकाने म्हणाली.

"नाही केलं?" टेपवालीची भुवई वर गेली. "सहाही जणांनी?"

वरची वीतभर माती चांगली होती. लाल, भुसभुशीत, बघून मन भरावं अशी. मग काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा आला. मग विटांचे तुकडे, वाकलेला पाइप, रबरी तळवा, काच. खड्डा कमरेएवढा झाला तरी माती लागेना. निळ्या ठिपक्यांच्या फरशीचे तुकडे मात्र टोपलीभर निघाले. टेपवालीने खड्ड्यात उतरून पहार उचलली आणि खाली मारली. पहार थांबलीच नाही. तिच्या मुठी खड्ड्याच्या तळाला टेकल्या.

मजूर बाईने तोंडावर हात ठेवला.

"भराव आहे," टेपवाली म्हणाली. "नुसता राडारोडा. खाली खाण असणार. किती खोल आहे देव जाणे."

तिला काही कळेना. ती निळ्या फरशीच्या तुकड्याकडे बघत राहिली. माझी जमीन. मी इथे दार कुठे, तुळस कुठे, बाबांची खाट कुठे, सगळं चुन्याने आखून ठेवलंय.

"अठरा फूट," मागून आवाज आला.

बाबा होते. धापा टाकत होते, काठी कुठेतरी पडली होती.

"काय?"

"अठरा फुटांवर खडक लागतो. मी मोजलंय."

बाबा बोलत राहिले, खड्ड्याकडे बघत, जणू खड्ड्याला सांगतायत. तीन वर्षांपूर्वी पाण्याची टाकी करावी म्हणून ते दोन गडी घेऊन आले होते. खणता खणता चार दिवस गेले. मग पुन्हा बुजवलं, वर चांगली माती आणून टाकली.

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही चार दिवस आत्याकडे गेला होतात," ती म्हणाली. "आत्या आजारी होती."

"आत्या ठणठणीत होती."

"आणि विकत घेताना? घेताना बघितलं नाहीत? चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनीत पहार मारलीत, आणि स्वतःच्या..."

"मी ज्याच्याकडे राबलो त्या मालकाची, ठेकेदाराची जमीन होती ती. त्याने मला पहिलं काम दिलं. त्या दिवशी पहार माझ्या खांद्यावरच होती. पण तो समोर उभा, म्हणतो, तुझ्या मुलीसाठी देतोय, घे. त्याच्यासमोर पहार मारायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणायचं. हात उचललाच गेला नाही."

अकरा वर्षं मालकाने त्यांच्या मजुरीतून जमिनीचे पैसे कापले होते. हे तिला माहीत होतं. तिची चप्पल, तिची वह्यापुस्तकं, आईचं औषध, सगळं त्या अकरा वर्षांत मागे पडलं होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. बाबांनी वाकून निळ्या ठिपक्यांचा एक तुकडा उचलला, अंगठ्याने पुसला.

"ही दवाखान्याची लादी. जुनी. मीच उखडली होती, याच हातांनी. मालकाचे ट्रक भरून जायचे. कुठे जातात, विचारलं नाही कधी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाने बाबांच्याच हातचा कचरा इथे ओतला, वर वीतभर माती पसरली, आणि बाबांनाच विकला. असल्या माणसांच्या नावाने रस्ते असतात. "कुठे राहतो तो? आत्ता जाते मी. आत्ताच्या आत्ता!"

"मेला. दोन वर्षं झाली. मी गेलो होतो शेवटच्या दर्शनाला."

"गेलात?"

"रडलोसुद्धा," बाबा म्हणाले.

ती मटकन विटांच्या ढिगावर बसली. मग हळूहळू तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी उजेडात यायला लागलं. वळण. काठी. उन्हात उभे राहणारे बाबा.

"त्या सहा जणांना माहीत होतं?"

"वळणावर गाठून सांगायचो. हात जोडायचो. म्हणायचो, भाव खरा सांगा, पण जमिनीचं तिला कळू देऊ नका. तिला वाटतं बापाला सगळं कळतं. तेवढं राहू दे. भाव ऐकून तीच नाद सोडेल."

"भाव खरा?"

टेपवालीने तोवर फरशीच्या तुकड्यावर पेन्सिलने आकडे मांडले होते. "खडकापर्यंत आठ खांब न्यायचे," ती म्हणाली, "सळई, सिमेंट, खणाई, खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आधार, वर घराचे बारा..." तिने तुकडा पुढे केला. "चोवीस."

चोवीस. सहाही जणांनी प्रामाणिक हिशेब केला होता. सहाही जणांनी एका म्हाताऱ्या गवंड्याची अब्रू झाकली होती, आणि तिने दिलेल्या शिव्या मुकाट खाल्ल्या होत्या. मिशीवाला कसा चपला शोधत होता, ते तिला दिसलं आणि तिची कानशिलं तापली. स्वस्त भाव देणारी एकटी टेपवाली होती, कारण तिला वळणावर कोणी काही सांगितलंच नव्हतं.

"बारात काय होईल?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"बारात?" टेपवालीने खांदे उडवले. "पाया. फक्त पाया. जमिनीवर वीतभरसुद्धा दिसणार नाही. लोक विचारतील, बाई, पैसे कुठे पुरलेस?"

"घाला."

"ए, वेडी झालीस का!" बाबा ओरडले. "सगळी पुंजी मातीत? आणि वर्षअखेर राहायचं कुठे?"

"भाड्याने. कुठेही. पत्र्याखाली. तळमजल्यावर, म्हणजे तुमचे गुडघे बोंबलणार नाहीत. तुमच्या आयुष्याची अकरा वर्षं या खड्ड्यात पडलीयत. ती त्या मेलेल्या माणसाला बक्षीस देऊ का मी? वरचं घर दहा वर्षांनी बांधेन, वीस वर्षांनी बांधेन. खाली खडक आहे ना? तिथपर्यंत जायचं."

"आणि मिशीवाला?" बाबा पुटपुटले.

"त्याच्याकडे उद्या सकाळी जाते. पाय धरावे लागले तरी धरेन. पण तुम्ही बरोबर यायचं. आणि तोंड उघडायचं."

टेपवाली कधी तिच्याकडे, कधी बाबांकडे बघत होती. एवढी वर्षं घरं बांधली, पण खड्ड्यासाठी एवढं हट्टी गिऱ्हाईक तिने बघितलं नव्हतं. शेवटी तिने पेन्सिल कानावर खोचली. "ठीक. आठ खांब."

बाबा खाकरले. खड्ड्याच्या कडेला गेले, चुन्याची रेघ पायाने चाचपत मागच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे थांबले.

"नऊ," ते म्हणाले. "या कोपऱ्यात खडक आणखी खाली आहे. बावीस फूट. एका खांबाने भागणार नाही."

"बावीस?" ती किंचाळली. "हे आत्ता सांगताय?"

"तू विचारलंच नाहीस."

टेपवालीने कपाळावर हात मारला, पेन्सिल काढली आणि आकडा खोडला. मुलगी बापाकडे बघत राहिली. सहा जणांचे भाव चोवीसवरच थांबले होते, म्हणजे त्यांना सांगतानासुद्धा त्याने या कोपऱ्याचं सांगितलं नव्हतं.

"बाबा, आणखी काही राहिलंय?"

बाबा बोटांवर मोजायला लागले, आणि टेपवालीने लिहायला फरशीचा दुसरा तुकडा शोधायला घेतला.