बायकांना भूत, पुरुषांना सिद्धी

कापड गिरणीच्या कँटीनमध्ये त्या शनिवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलं भिंतीला सरकवलेली, बाकांवर माणसं उभी आणि मधोमध मौनीबाबा. बाबांचं मौन इतकं कडक की तासाभरात त्यांचं तोंड घोटभर पाणी प्यायलासुद्धा थांबलं नव्हतं.

"संसाराचा आवाज या पुण्यात्म्याला शिवत नाही, बघा!" असं म्हणत त्यांनी खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे एक इवलीशी चांदीची घंटा वाजवली. किणकिण, किणकिण. माणूस ढिम्म. मग बाबांनी पोटातून खर्जात हाक काढली, "ऊठ बाळाऽ!" छप्पन्न वर्षांचा तो बाळ ताडकन उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघे-चौघे पाया पडले.

गर्दीत उभ्या माईला हसावं की रडावं कळेना. तो सिद्धपुरुष म्हणजे तिचा नवरा. अठ्ठावीस वर्षं माग चालवलेला. घरी दारावरची बेल दहादा वाजली तरी तो असाच ढिम्म बसायचा. पण तिथे त्याचं कोणी दर्शन घेत नसे.

"आता बायका!" बाबा गरजले आणि त्यांनी नेमकं माईलाच पुढे बोलावलं. माई कापड तपासणीच्या विभागात होती. महिनाभर अंथरुणात कूस बदलली की तिच्याभोवती खोली गरगर फिरायची.

"मान मागे टाक. वर दिव्याकडे बघ."

तिनं मान मागे टाकली मात्र, छप्पर भिंगरीसारखं फिरलं. दोघींनी तिला धरलं.

"बुबुळं नाचताहेत! आत कुणीतरी आहे!" बाबांना आनंद आवरेना. "बाईचं मन म्हणजे बिनकडीचं दार. ही अकरावी!"

पुरुष सगळे सिद्ध, बायका सगळ्या झपाटलेल्या. देवाघरचा न्याय! मॅनेजरसाहेब तर खूश. मागावरचे लोक आवाजाची तक्रार करेनासे झाले, कारण तिथे म्हणे साधना चालली होती. चक्कर येणाऱ्या बायकांना मात्र 'बाधा उतरेपर्यंत' घरी बसवलं होतं.

घरी आल्यावर माईनं पाळण्यातल्या चार महिन्यांच्या नातवाकडे हात केला, तर नवरा आडवा आला. "महाराज म्हणालेत, एकवीस दिवस बाळाला शिवायचं नाही."

"अहो, नातू आहे माझा!"

"काय म्हणालीस?" सिद्धपुरुषानं कानाशी हात नेला.

त्या दुपारी माई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून रडली. सून शाळेत विज्ञान शिकवायची. ती जवळ बसली. "आई, मान हलली की गरगरतं, म्हणजे भूत कानात शिरलंय. ते कानाच्या डॉक्टरलाच दिसेल. उठा, आवरा."

डॉक्टरीणबाईंनी माईला आडवं केलं, डोकं एका बाजूला वळवून पलंगाच्या कडेखाली झुकवलं. पुन्हा गरगर. पुन्हा बुबुळं नाचली.

"दिसलं का हो भूत?" माईनं घाबरत विचारलं.

"दिसलं. खडे आहेत." डॉक्टरीणबाई हसल्या. "आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागात अगदी बारीक खडे असतात. ते जागा सोडून नळीत घुसले की मान वळवताच जग फिरतं. पुरुषांनाही होतं, पण बायकांना साधारण दुप्पट. पाळी थांबल्यावर जास्तच. संप्रेरकांमुळे, हाडं विरळ झाल्यामुळे असावं. अजून पुरतं उमगलेलं नाही."

त्यांनी माईचं डोकं ठरावीक क्रमानं वळवलं, प्रत्येक वळणावर थोडं थांबून तिला उठवून बसवलं. मंत्र नाही, धूप नाही. दोन दिवसांनी पुन्हा एकदा तेच केलं आणि गरगर थांबली.

"आणि आमच्या ह्यांची सिद्धी?" माईनं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं तसे तिचे डोळे मोठे होत गेले.

पुढच्या शनिवारी माई स्वतःहून पुढे गेली. मान मागे टाकली. दिव्याकडे टक लावून पाहिलं. छप्पर जागच्या जागी.

"उतरली बाधा! माझी कृपा!" बाबांनी संधी साधली.

"कृपा डॉक्टरीणबाईंची. आता जरा घंटा द्या." बाबांनी 'हं हं' करेपर्यंत तिनं ती उचललीसुद्धा. मागावरच्या दहा जणांना तिनं पाठमोरं उभं केलं, मध्ये मॅनेजरसाहेबांनाही. किणकिण! मॅनेजर दचकून वळले. दहा जण ढिम्म.

"अरेरे, साहेब अजून संसारी!" माई म्हणाली. मग आवाज बसल्यासारखा जाड करून तिनं खर्जात हाक मारली, "वळाऽ रे!"

दहाच्या दहा वळले. कँटीनमध्ये हशा उसळला.

"झाले मी महाराज! पाया पडा!" मग ती गंभीर झाली. "मागांच्या खडखडाटानं कान आधी बारीक, टिपेचे आवाज गमावतो. जाड आवाज शेवटपर्यंत राहतो. पुरुषांचे कान तसेही लवकर उतरतात, त्यात आयुष्य मागावर. घंटेला बहिरे, हाकेला हजर. एवढाच चमत्कार."

"अहो, हे बाबा तर कानाची मशीनं विकायला यायचे आमच्याकडे!" मागून एक बाई ओरडली. "हीच घंटा वाजवायचे!" आता मात्र मौनीबाबांना खरंखुरं मौन साधलं.

नवरा खुर्चीत बसून राहिला. माई वाकून त्याच्या कानाशी, सावकाश बोलली.

"म्हणजे मी सिद्ध नाही?" त्यानं विचारलं. "बहिरा झालोय?"

"हो."

"परत येईल?"

"गेलं ते नाही येत. उरलंय ते राखता येतं."

त्यानं खुर्ची मागे सरकवली. मग उठून मॅनेजरसमोर उभा राहिला. "साहेब, सगळ्यांना कानात घालायचे बोळे पाहिजेत. आणि सगळ्यांची कानतपासणी. सोमवारपासून." त्याच्यामागे दहा जण उभे राहिले, त्यांच्यामागे अकरा बायका.

वाचकहो, कान बाईचा असो की बाप्याचा, तो हाडामांसाचा आहे. तो दुखला, वाजला, फिरला, मंदावला, तर त्याला देवही देऊ नका आणि भूतही. डॉक्टर द्या.