मुक्ताबाईंचे दोन डबे

आमच्या नातीचं, सुकन्याचं, नामकरण झालं त्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, माझ्या सुनेने गावात पिठाची गिरणी टाकली. सुनेचं नाव भारती. माझा मुलगा सम्राट नगरजवळच्या नागापूरला कंपनीत कामाला असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. गिरणी भारतीचीच. पत्र्याची शेड तिने उभी केली, मोटर तिने बसवून घेतली, पाटीवर नावही तिचंच. मी नगरला एका गिरणीत तीस वर्षं हमाली केली होती, म्हणून दगडाला टाकी लावायचं काम माझ्याकडे आलं. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाड येतं. मग छिन्नीने तो पुन्हा खरबरीत करायचा, ती टाकी.

गावातली जुनी गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. तरी वरच्या आळीचे डबे आमच्याकडे येत नव्हते. मोटरसायकलला बांधून ते चार किलोमीटरवरच्या गावाला जात. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्या बौद्धवस्तीचे डबे दळून झाले की भारती नुसती बसून राही. सकाळी आठला शटर उघडून झाडलोट मात्र रोज करायची.

"कशाला झाडतीस? पीठ कुठं सांडलंय?" मी एकदा म्हणालो.

"गिऱ्हाईक आलं अन् धूळ दिसली तर, मामा?"

संक्रांतीपर्यंत बघू, नाहीतर मोटर विकून टाकू, असं सम्राट सांगून गेला होता.

संक्रांतीला बारा दिवस राहिले आणि मुक्ताबाई आल्या. वरच्या आळीतलं मोठं शेतकरी घर. नातवाचा, हर्षलचा, साखरपुडा संध्याकाळवर आलेला, आणि नेमकी पलीकडच्या गिरणीची मोटर जळालेली.

"भारते, पोळ्यांचा गहू हाय. बारीक दळ. पाव्हनं नगरचं हायेत, नावं ठेवत्याल."

त्याच पहाटे मी दगडाला टाकी लावली होती. "दगड तयार हाय," एवढंच भारतीला सांगितलं आणि डोळे दाखवायला जामखेडची एसटी धरली.

परत आलो तेव्हा एक वाजला होता. भारती हसत होती. "मामा, वरच्या आळीचं दोन डबं दळून गेलं!"

मी आधी दगडाकडे बघितलं. "आधी जुनी जवारी घातलीस ना?"

"कसली जवारी?"

टाकी लावली की दगडाची कच सुटते. आधी पाच-सहा किलो जुनी ज्वारी दळून फेकून द्यायची, मग गिऱ्हाईकाचं धान्य घालायचं. तीस वर्षं हे करत आलो आणि त्या दिवशी सांगायचं विसरलो. दगडाखाली राहिलेलं पीठ तिने चिमूटभर तोंडात टाकलं. कचकच वाजलं ते मलाही ऐकू आलं.

"गप बस," मी म्हणालो. "एवढ्या गर्दीत कुनाला कळतंय? कळलंच तर गव्हात खडे हुते म्हनायचं."

"खानाऱ्याच्या दाताला कळतंय, मामा. सरका."

तीनला लाईट जायची. तिने ज्वारी घालून दगड साफ केला, घरातला गहू आणला, तेवढंच पीठ दळलं आणि चाखून पाहिलं. एक डबा तिने डोक्यावर घेतला, दुसरा मी सायकलला लावला.

मुक्ताबाईंच्या अंगणात बायका परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या. पाणी अजून घातलेलं नव्हतं.

"आक्का, त्या पिठात कच हाय," भारती सगळ्यांसमोर म्हणाली. "चूक आमची. हे दुसरं आनलंय."

"टाकी म्या लावली हुती," मी मागून म्हणालो. "सांगायचं म्याच इसरलो."

मुक्ताबाईंनी चिमूट तोंडात टाकली आणि लगेच थुंकून टाकली. एक म्हातारी कुजबुजली, "तरी म्हनलं हुतं, तिकडं टाकू नगा दळान."

भारती जागची हलली नाही. "आक्का, एक सांगते. ह्यो गहू आमच्या घरचा हाय."

बायका मुक्ताबाईंकडे बघू लागल्या.

मुक्ताबाईंनी विचारलं, "बारीक दळलाय का?"

"व्हय."

"मग वत की परातीत. उभी काय ऱ्हायलीस?" मग त्या म्हातारीकडे वळल्या. "अन् तुझा त्यो पलीकडचा गिरनीवाला! बाजरीवर गहू दळून काळं पीठ देतो, वर म्हनतो तुमचा गहूच तसला. कवा आला का सांगाय?"

म्हातारीच सगळ्यांत आधी हसली.

वाटेने परत येताना भारती एका बाभळीखाली बसली आणि पोटभर रडली. मी सायकल धरून उभा राहिलो. मलाही हलकं वाटत होतं.

संक्रांतीआधी शेडमध्ये तिळाएवढी जागा उरली नाही. बाजरीचे डबे एकावर एक. ते अदलाबदल होऊ लागले, म्हणून भारतीने मला खडू देऊन अक्षरं शिकवली. मी पहिलं नाव लिहिलं ते मुक्ताबाईंचं. चार दिवस लागले. पुढे टाळेबंदीत गावाच्या वाटेवर बांबू आडवे पडले, तेव्हा सारं गाव आमच्याच दगडावर जेवलं. भारतीने एक दिवसही शटर पाडलं नाही.

मुक्ताबाईंच्या घरचे दोन डबे दर आठवड्याला येत राहिले. त्यांच्या तेराव्याचं दळणही आमच्याकडेच आलं. डब्यांवरचं नाव मी पुसलं नाही. मुक्ताबाई ९ डिसेंबर २०२४ रोजी, सोमवारी पहाटे, झोपेतच वारल्या.